घोड्याचा जनुक-नकाशा: पळणारा घोडा त्यात दिसतो का?

येऊरकर (धागाकर्ता)

सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक ढकलपत्र फिरतंय. घोड्याचा संपूर्ण जनुक-नकाशा तयार झालाय, आता शिंगरू जन्मलं की ते डर्बी जिंकणार की नाही ते लगेच कळणार, वगैरे. नकाशा झाला ही बातमी शिळी आहे, आणि डर्बीचं म्हणाल तर ती बातमीच नाही. मधला भाग मात्र फार रंजक आहे. ग्रुपवर चार ओळींत भागेना म्हणून इथे धागा काढतोय. मी महाप्याच्या एका प्रयोगशाळेत डीएनए तपासणीचं काम करतो. आमच्याकडे नमुने माणसांचे येतात, घोड्यांचे नाहीत. त्यामुळे घोड्यांतले जाणकार कुणी असतील तर भर घाला.

मुळात हा नकाशा काढतात कसा? जनुकं गुणसूत्रांवर ओळीने असतात. बीजपेशी तयार होताना आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात. दोन जनुकं शेजारी असली की बहुधा जोडीनेच पुढच्या पिढीत जातात, लांब असली की त्यांची ताटातूट व्हायची शक्यता वाढते. शंभरात एका पिल्लात ताटातूट दिसली तर त्यांच्यातलं अंतर एक सेंटिमॉर्गन. अशा मोजणीतून पहिला नकाशा १९१३ साली स्टर्टेव्हंटने काढला, फळमाशीचा. माशीची पिढी दहा-बारा दिवसांत उभी राहते. घोडी अकरा महिने गाभण राहणार आणि शिंगरू देणार एक. त्यामुळे घोड्याचं घोडं बरीच वर्षं अडलेलंच होतं.

तरी लोकांनी वाट काढली. एका वळूपासून पुष्कळ घोड्यांना पिल्लं होतात आणि त्यांच्या वंशावळी लिहिलेल्या असतात, त्याच वापरल्या. १९८२ साली स्वीडनमध्ये अँडरसन आणि सँडबर्ग यांनी रंगाची तीन जनुकं आणि रक्तातल्या प्रथिनांची तीन स्थानं एकाच गुणसूत्रावर लागून आहेत असं दाखवलं. डीएनए वाचणारं यंत्र नाही, नुसता शिंगरांचा रंग आणि रक्ताची तपासणी. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सर्वात देखणं काम हेच.

सानपाडा_लोकल

वाचतोय. पण सेंटिमॉर्गन म्हणजे मोजायचं काय? मिलिमीटर? मायक्रॉन?

येऊरकर

लांबी नाहीच ती. ठाण्याहून वाशीची लोकल पकडली तर दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली हा क्रम पक्का असतो. दोन स्टेशनांमधलं अंतर मिनिटांत सांगता येतं आणि किलोमीटरमध्येही, पण दोन्हींचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. सेंटिमॉर्गन म्हणजे मिनिटं. डीएनएची अक्षरं (ए, सी, जी, टी ही चार रसायनं, एकापुढे एक ओळीने) मोजली की किलोमीटर. गुणसूत्राच्या काही भागांत अदलाबदल वारंवार होते, काही भागांत जवळपास होतच नाही, त्यामुळे दोन्ही नकाशे ताणल्या-आखडल्यासारखे दिसतात. क्रम तेवढा जुळायला हवा.

मीनल_ऐरोली

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हे लोकलचं उदाहरण उचलतेय, आधीच सांगून ठेवते. :)

एक भर. वंशावळीवरून नकाशा काढायचा तर आईच्या किंवा बापाच्या स्वतःच्या दोन प्रतींत त्या जागी फरक असावा लागतो. दोन्ही प्रती सारख्याच असतील तर काय कुठून आलं ते कळणार कसं? ही अडचण टाळायला दुसरी एक युक्ती निघाली. घोड्याच्या पेशींवर किरणांचा जबर मारा करायचा, गुणसूत्रांचे तुकडे होतात. ते तुकडे हॅमस्टरच्या पेशींत सामावून घ्यायचे. मग कोणत्या दोन खुणा (म्हणजे डीएनएवरच्या ओळखता येणाऱ्या जागा) एकाच तुकड्यावर टिकल्या ते बघायचं. जवळच्या खुणा एकत्र टिकतात. घोडी नको, वळू नको, अकरा महिन्यांचा खोळंबा नको. घोड्याचे असे मोठे नकाशे टेक्सास ए अँड एम विद्यापीठात भानू चौधरी आणि तेर्ये राउडसेप यांच्या गटाने केले.

रेसकोर्स_रसिक

मंडळी, चाळीसेक वर्षं महालक्ष्मीला जातोय. नौपाड्यातून पहाटेची गाडी पकडून मॉर्निंग ट्रॅकवर्क बघायला जाणारा माणूस आहे मी. तुम्ही ज्याला वंशावळ म्हणता ते आमचं पेडिग्रीचं पान. त्यात सगळं असतं. बाप कोण, आजा कोण, आईने कोणत्या अंतराची रेस मारली. दोन तांबड्यांना तांबडंच शिंगरू होतं हे आम्हाला कुठल्याही प्रयोगशाळेने शिकवलेलं नाही.

बाकी 'स्पीड जीन' नावाची चाचणी आहे आणि परदेशातले स्टडवाले ती करतात, हेही खरं आहे. ढकलपत्र अगदीच खोटं नाही.

भिवंडी_बायपास

पहाटेची गाडी पकडून पैसे हरायला जाणं. धन्य.

येऊरकर

काका, तांबड्यांचं बरोबर. तांबडा रंग सुप्त आहे. एमसी१आर जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच तो दिसतो, म्हणून दोन तांबड्यांकडून दुसरं काही येऊच शकत नाही. ते १९९६ साली डीएनएवर दाखवलं गेलं. हे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. मोठे पांढरे पट्टे देणारं अबलख, ज्याला तिकडे टोबियानो म्हणतात, तेही त्याच गुणसूत्रावर. १९८२ च्या त्या कामात हाच शेजार सापडला होता.

स्पीड जीनकडे येतोच, आधी नकाशाची गोष्ट पुरी करू द्या. ऑक्टोबर १९९५ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला घोड्यांवर काम करणारे जगभरचे संशोधक एकत्र बसले. केंटकी विद्यापीठाचे अर्नेस्ट बेली त्यात पुढे होते. ठरलं असं की आपापल्या खुणा लपवून ठेवायच्या नाहीत, सगळ्यांनी मिळून एक नकाशा करायचा. पुढे अमेरिकेच्या सरकारी जीनोम संस्थेने (जीनोम म्हणजे एखाद्या जिवाचा सगळा डीएनए) सुमारे दीड कोटी डॉलर दिले आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये एका घोडीचा डीएनए अक्षर न् अक्षर वाचला गेला. घोडी कॉर्नेल विद्यापीठाची, थरोब्रेड म्हणजे रेसच्या जातीची, नाव ट्वायलाइट. २००७ च्या सुरुवातीला पहिला मसुदा सगळ्यांसाठी खुला झाला, शोधनिबंध नोव्हेंबर २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. सुमारे २७० कोटी अक्षरं, ३२ जोड्या गुणसूत्रं, वीस हजारांच्या आसपास जनुकं. २०१८ मध्ये त्याच घोडीची बरीच सुधारलेली आवृत्ती आली.

सानपाडा_लोकल

घोडीच का? घोड्याचं काय बिघडलं होतं?

मीनल_ऐरोली

मादीत एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, त्यामुळे तोही बाकीच्या गुणसूत्रांइतकाच नीट वाचला जातो. वाय मात्र त्यात येत नाही, तो वेगळा वाचावा लागला. शिवाय ट्वायलाइटमध्ये दोन प्रतींमधला फरक कमी होता, जवळच्या नात्यातली पैदास. तुकडे जुळवणाऱ्यांना असा प्राणी सोपा पडतो.

त्या निबंधातली दोन निरीक्षणं मुलांना आवर्जून सांगते. घोड्याच्या ३२ पैकी १७ गुणसूत्रं अशी आहेत की त्यांतला सगळा मजकूर माणसाच्या एकेकाच गुणसूत्रावर सापडतो. कुत्र्यात एवढं जुळत नाही. आणि अकराव्या गुणसूत्राचा मध्यबिंदू (सेंट्रोमिअर, पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरून ओढलं जातं ती जागा)! एरवी मध्यबिंदूपाशी त्याच त्या अक्षरांची लांबलचक पुनरुक्ती असते. इथे ती नाहीच. म्हणजे हा मध्यबिंदू उत्क्रांतीच्या हिशेबाने नवाकोरा आहे, अजून त्याच्याभोवती पुनरुक्ती जमलेली नाही.

भिवंडी_बायपास

छान. दीड कोटी डॉलर. आणि सामान्य माणसाला यातून काय मिळालं? घोडबंदर रोडचा एखादा खड्डा तरी बुजला का?

नौपाडा_जुने

घोडबंदरचा विषय निघालाच आहे तर. मार्को पोलोने तेराव्या शतकातल्या ठाण्याबद्दल लिहिलंय की इथल्या राजाकडे स्वतःचे घोडे नाहीत, म्हणून त्याने समुद्री चाच्यांशी करार केलाय. लुटीत मिळालेले घोडे राजाचे, बाकी सगळा माल चाच्यांचा. कारण बाहेरून भारताकडे येणाऱ्या प्रत्येक जहाजावर इतर मालासोबत घोडे असायचेच. म्हणजे आपल्या खाडीत घोड्यासाठी दरोडे पडत होते, तेही राजाच्या आशीर्वादाने.

हे आलेले घोडे पुढे इथल्या तट्टांत मिसळले असणार. त्याचा माग डीएनएत लागतो का?

येऊरकर

लागतो. हे मलाही माहीत नव्हतं, चाच्यांचा करार झकास आहे.

२०१४ मध्ये कोरियातल्या गटाने मारवाडी घोड्याचा पूर्ण जीनोम वाचून प्रसिद्ध केला. ट्वायलाइटचा नकाशा समोर ठेवून त्यावर मारवाडीची अक्षरं बसवली आणि कुठे फरक आहे ते पाहिलं. निष्कर्ष असा की मारवाडी म्हणजे स्थानिक तट्टं आणि अरबी घोडे यांचं मिश्रण. मारवाडीचे कान टोकाशी आत वळून एकमेकांना भिडतात, त्यासाठी टीएसएचझेड१ या जनुकातला एक बदल त्यांनी उमेदवार म्हणून पुढे केलाय. उमेदवार हा शब्द जपून वाचा, निवडून आलेला नाही.

घोडा माणसाळला कुठे याचंही उत्तर अशाच कामातून आलं. २०२१ मध्ये लुडोविक ऑर्लांडो यांच्या गटाने २७३ प्राचीन घोड्यांचे जीनोम तपासले. आजच्या सगळ्या पाळीव घोड्यांचं मूळ व्होल्गा-डॉन नद्यांच्या खालच्या अंगाच्या गवताळ प्रदेशात निघालं. तिथून साधारण चार हजार वर्षांपूर्वी ते झपाट्याने सगळीकडे पसरले.

टापडॉक्टर

परळच्या पशुवैद्यक कॉलेजचा जुना विद्यार्थी. सध्या पनवेलला असतो, माथेरानच्या घोड्यांवर बरीच वर्षं उपचार केलेत. बायपास साहेब, 'सामान्य माणसाला काय मिळालं' याचं उत्तर मी देतो, रेसचं बाजूला राहू दे.

अरबी घोड्यांत एक आजार आहे. शिंगरू जन्मतं तेव्हा ठणठणीत दिसतं. आईच्या चिकातून आलेलं संरक्षण ओसरलं की साधा सर्दीपडसा जीवावर येतो, कारण त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती तयारच होत नाही. बहुतेक शिंगरं पाच महिन्यांच्या आत जातात. १९९७ मध्ये कारण सापडलं, एका जनुकातली पाच अक्षरं गळालेली. वाहक घोडा, म्हणजे एकच प्रत सदोष असलेला, धडधाकट असतो, दोन वाहकांची जोडी लावली तर चारात एक शिंगरू मरणार. अमेरिकेतल्या अरबी घोड्यांत तेव्हा आठ टक्क्यांच्या आसपास वाहक निघाले. चाचणी आली आणि वाहक-वाहक जोडी टाळता यायला लागली. पूर्वी मालक देवाला दोष द्यायचे, नाहीतर मोतद्दाराला.

दुसरं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. अमेरिकेतल्या क्वार्टर जातीत इम्प्रेसिव्ह नावाचा एक वळू होता. पिळदार स्नायू, प्रदर्शनात बक्षिसांवर बक्षिसं. सगळ्यांनी आपापल्या घोड्या त्यालाच दाखवल्या. पुढे त्याच्या वंशातले घोडे अचानक थरथरायला लागले, कोसळायला लागले. रक्तातलं पोटॅशियम वाढून स्नायू आखडतात. १९९२ मध्ये त्याचं जनुक सापडलं. लोक ज्या स्नायूंवर भाळत होते त्यांच्या सोबतच आजार हजारो घोड्यांत पसरला होता. २००७ पासून दोन्ही प्रती सदोष असलेल्या शिंगरांची नोंदणीच तिथल्या संघटनेने बंद केली.

माणसाच्या आजारांशी जुळणारे नव्वदहून अधिक आनुवंशिक विकार घोड्यात आहेत. आणि येऊरच्या पायथ्याला फुरसं चावलं तर जे प्रतिविष टोचतात ते घोड्याच्याच रक्तातून येतं, हाफकिन संस्थेचे घोडे ठाऊक असतीलच. तेव्हा खड्डा नाही बुजला, पण.

भिवंडी_बायपास

फुरशाचा मुद्दा मान्य. खड्ड्याचा मागे घेत नाही.

कोलशेत_आई

लग्नातले पांढरे घोडे जन्मतः पांढरे असतात का? मुलगी विचारतेय.

टापडॉक्टर

बहुतेक नाही. शिंगरू काळं, तांबडं किंवा कुमैत जन्मतं आणि वर्षागणिक पांढरं होत जातं. त्याला सब्जा म्हणतात. कातडी खालून काळीच असते, नाकपुडीपाशी दाखवा मुलीला. २००८ मध्ये स्वीडनच्या गटाने दाखवलं की एसटीएक्स१७ जनुकात ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलाय, त्यामुळे हे होतं. त्याच बदलामुळे या घोड्यांना शेपटीखाली काळ्या गाठी होतात. पंधरा वर्षांवरच्या सब्ज्यांत सत्तर-ऐंशी टक्क्यांना. वरातीच्या घोड्याची शेपटी उचलून कुणी बघत नाही, त्यामुळे गाठ मोठी झाली की मगच माझ्याकडे आणतात.

नाकपुडी गुलाबी असेल तर तो घोडा वेगळ्या जनुकामुळे पांढरा, तो वेगळा विषय.

रेसकोर्स_रसिक

स्पीड जीन राहिलं.

येऊरकर

राहिलं नाही काका, येतोय.

२०१० मध्ये डब्लिनच्या एमेलीन हिल यांच्या गटाने मायोस्टॅटिन जनुकातला एक बदल दाखवला. मायोस्टॅटिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. त्या जागी सी किंवा टी असू शकतं. दोन्ही सी असलेले थरोब्रेड साधारण १००० ते १६०० मीटरला चमकतात, एक सी एक टी मधल्या पल्ल्याला, दोन्ही टी असलेले २००० च्या पुढे. इंडियन डर्बी २४०० ची. म्हणजे दोन्ही सी असलेल्या शिंगरावर डर्बीचे मांडे कुणी मनात खाऊ नयेत, इतपत चाचणी सांगते.

पण हे अंतर कळलं, जोर नाही. १२०० मीटरच्या एखाद्या रेसमध्ये दहा घोडे धावले आणि त्यांतले सात दोन्ही सी असलेले असले, तर पहिला सी-सी आणि शेवटचाही सी-सी असू शकतो. पहिल्या आणि शेवटच्यामधला फरक त्या एका अक्षरात नाही. तो शेकडो जनुकांत थोडा थोडा विखुरलाय, त्यात ट्रेनर, जॉकी, ट्रॅक, खुराक, गुडघे. म्हणून मी सुरुवातीलाच म्हटलं की डर्बीची बातमी ही बातमीच नाही.

माझं मत विचाराल तर नकाशा विजेता शोधायला फारसा कामाचा नाही, कोणती जोडी लावू नये हे सांगायला मात्र उत्तम. डॉक्टरांची दोन्ही उदाहरणं तीच आहेत.

रेसकोर्स_रसिक

हे अंतराचं आम्हाला पेडिग्रीवरून कळतं. अमुक बापाची पोरं मैलाच्या पुढे थकतात हे पंटरला तोंडपाठ असतं. मग चाचणीने नवीन काय दिलं?

येऊरकर

सख्खी भावंडं. आई आणि बाप दोघंही सी-टी असतील तर एक शिंगरू सी-सी, दुसरं टी-टी होऊ शकतं. पेडिग्रीचं पान दोघांचं अगदी एकच.

रेसकोर्स_रसिक

हं. हे पटलं. सख्खी भावंडं वेगवेगळी धावतात ते पाहिलंय, कारण आम्ही जॉकीवर ढकलायचो.

मीनल_ऐरोली

काका, पेडिग्रीचं आणखी एक. थरोब्रेडची नोंदवही बंद आहे, बाहेरचं रक्त येत नाही. आज जगातल्या जवळपास ९५ टक्के थरोब्रेड नरांचा वाय गुणसूत्र एकाच डार्ली अरेबियनकडून आलेला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात आणलेला घोडा. एकाच लोकप्रिय वळूकडे सगळे धावत सुटले की काय होतं ते डॉक्टरांनी वर सांगितलंच.

घणसोली_बाळूमामा

इतका वेळ नुसता वाचत होतो. आम्ही मूळ फलटणकडचे, धनगर. वडिलांनी बिगारी कामासाठी नवी मुंबई गाठली, पण चुलते अजून मेंढरं घेऊन फिरतात. दिवाळीनंतर घाट उतरून पनवेल-पेणकडे येतात. सगळा संसार तट्टावर. भांडी, जाळ्या, खुराडं, चालता न येणारी कोकरं. तुम्ही सगळे अरबी, इंग्लिश, मारवाडी बोलताय. आमच्या भीमथडी तट्टाचं कुणी बघितलंय का?

येऊरकर

अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोने (जनावरांच्या देशी जाती नोंदवणारी सरकारी संस्था) भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलंय. मारवाडी, काठियावाडी, स्पीती, झंस्करी, भुतिया, मणिपुरी, कच्छी-सिंधी या सातांनंतर आठवी. म्हणजे दरबारात नाव लागलं.

टापडॉक्टर

नाव लागलं तेव्हा आता खरी घाई. बाळूमामा, तुमच्या चुलत्यांसारख्यांकडची तट्टं हाच या जातीचा मुख्य साठा. पण टेम्पो आला तसं तट्टू कमी झालं. राहिलेल्यांत कुणी उंचीसाठी मारवाडी वळू दाखवतो, कारण उंच घोड्याला यात्रेत आणि लग्नात भाव मिळतो. दोन-तीन पिढ्या असं चाललं की दिसायला घोडे भरपूर दिसतील, त्यांत भीमथडी किती उरलं ते डोळ्यांनी कळणार नाही. घाटात ओझं घेऊन अर्ध्या चाऱ्यावर तग धरणारी जनुकं कोणती, हे कुणी शोधायला गेलं तर शोधायला तट्टं शिल्लक पाहिजेत.

ट्वायलाइटचा नकाशा थरोब्रेडचा आहे. थरोब्रेडमध्ये जे नाहीच ते त्यात दिसणार कसं? माझा येऊरकरांशी एवढाच मतभेद, 'कोणती जोडी लावू नये' म्हणून थांबू नका. आपल्याकडे आधी कोण कोण आहे त्याची मोजदाद करायचीय.

येऊरकर

मान्य, हा मुद्दा मी धरला नव्हता.

घणसोली_बाळूमामा

चुलत्याकडे पाच तट्टं आहेत. एक घोडी तर अशी, की तिच्या आईची आईपण आमच्याच वाड्यावरची. वळू बाहेरचा कधी दाखवला नाही, आजोबांची तशी शिस्तच होती. कुणाला नमुने पाहिजे असले तर रक्त काढू देणार नाही तो, आधीच सांगतो. सुई म्हटली की भडकतो, तट्टाच्या आधी तोच उधळेल.

टापडॉक्टर

रक्त लागतच नाही. आयाळीचे वीस-तीस केस, मुळासकट उपटलेले. डीएनए मुळाशी असतो, कात्रीने कापलेले केस काही कामाचे नाहीत. कोरडे हवेत, ओले असतील तर वाळू द्या. साध्या कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमटपणाने बुरशी धरते. प्रत्येक तट्टाचं पाकीट वेगळं. वर नाव, रंग, वय आणि आई कोण ते लिहा. तुम्ही म्हणालात त्या घोडीची आजीपर्यंतची माहिती असेल तर तीही, ती सोन्यासारखी. थरोब्रेडवाल्यांच्या आईबाप तपासणीलाही केस चालतात. नमुने घेऊ शकणाऱ्या माणसाशी बोलून तुम्हाला निरोप करतो.

सानपाडा_लोकल

आयाळीचेच का? शेपटीचे चालत नाहीत?

टापडॉक्टर

चालतात. शिंगराचे तर शेपटीचेच बरे, आयाळ फार मऊ असते. पण शेपटीचे उपटायला उभं कुठे राहावं लागतं ते बघा.